बापाला झालं, लेकालाही होईल का?

लातूरजवळच्या खेड्यातून मायलेक माझ्याकडं आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) वडिलांना स्किझोफ्रेनिया, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, उगाच संशय येणं असा मानसिक आजार. गोळ्या चालू असल्या की शेत बघतात, सोडल्या की 'भावकी विष घालतेय' म्हणून ताट लोटतात. लेक बावीसचा, पोलीस भरतीची तयारी करणारा. आईनं पिशवीतून नवऱ्याच्या औषधांची जुनी चिठ्ठ्यापत्रं टेबलावर ठेवली. "मॅडम, खाण तशी माती म्हणतेत. हे बी रातीला एकटंच बोलतंय."

लेकाशी वेगळं बोलले. एकटं बोलणं म्हणजे कानात इअरफोन घालून मित्राला सामान्य ज्ञानाचे प्रश्न विचारणं! आवाज ऐकू येणं, कुणी पाळत ठेवतंय असं वाटणं, यातलं काही नव्हतं. पण वडिलांचं काही आपल्यात उतरतंय का, हे तो शाळेपासून धुंडाळत होता. झोप जेमतेम चार तास.

आनुवंशिकतेचा संबंधच नाही, असं मी कुणाला सांगत नाही. ते खोटं होईल. एरवी शंभरात साधारण एकाला हा आजार होतो. आई किंवा वडिलांना असेल, तर शंभरात दहाएक मुलांना. म्हणजे नव्वद जणांना होत नाही. आईला हे दोनदा सांगावं लागलं. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास सारखीच असतात, तरी एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही. निदान निम्म्या जोड्यांत दुसरा सुटतो. या आजाराचं असं एकच जनुक नाही. २०१४ च्या एका मोठ्या अभ्यासात जनुकसंचातल्या १०८ जागांशी त्याचा संबंध दिसला, प्रत्येकीचा वाटा थोडाथोडका. म्हणून "रक्त तपासून सांगा" म्हणणाऱ्यांना मला नाहीच म्हणावं लागतं.

गांजाचं मात्र स्पष्ट विचारलं. जत्रेत एकदा ओढला होता. "आईला सांगू नका" म्हणाला. सांगितलं नाही, पण अशा घरातल्या पोराला गांजा जास्त महागात पडतो, हे ठणकावलं. झोपेचंही.

निघताना आईचा खरा प्रश्न आला. "सोयऱ्यांना सांगावं का?"

"सांगा, मावशी. लपवलं तर उद्या सुनेला गोळ्यांचं पाकीट सापडंल, आणि मग भांडण आजाराचं राहत नाही, फसवणुकीचं होतं."

आणि लेक माणसांत मिसळेनासा झाला, उगाच संशय घ्यायला लागला, नसलेले आवाज ऐकू यायला लागले, तर देवऋषीकडं दिवस न घालवता थेट मानसोपचारतज्ज्ञाकडं. उपचार जितके लवकर, तितका आजार आटोक्यात राहतो.