दिनारिअस या रोमन चांदीच्या नाण्याच्या मागच्या बाजूवरची देवता कशी ओळखायची?

चेहऱ्यावरून नाही, हातातल्या वस्तूंवरून. सुकाणू आणि फळांनी भरलेलं शिंग असेल तर नशिबाची देवता फोर्तुना; वाटीतून सापाला भरवत असेल तर आरोग्याची सालुस; पंख आणि हार असेल तर विजयाची विक्तोरिया. शिरस्त्राण, भाला, ढाल म्हणजे बहुधा बुद्धीची देवता मिनर्व्हा. सम्राट डोमिशियनच्या (इ.स. ८१–९६) दिनारिअसवर तीच सतत दिसते, कारण तो तिला आपली रक्षणकर्ती मानत असे.

फसगत होते ती तराजूपाशी. आएक्वितास (न्याय्यतेची देवता) आणि मोनेता (टाकसाळीची देवता), दोघींकडेही तराजू आणि शिंग असतं. तिथे कडेचा लेखच निकाल देतो. झिजला असेल तर नाणं तिरप्या उजेडात फिरवून वाचा. चिंचेने घासू मात्र नका, उरलीसुरली अक्षरंही जातील.

देवता नसली तरी धर्म असतोच. सम्राट ऑगस्टसच्या गायस-ल्युसियस (त्याचे दत्तक घेतलेले नातू) नाण्यावर ढाली-भाल्यांच्या वर यज्ञातली पळी आणि शकुन पाहणाऱ्या पुरोहिताची वाकडी काठी आहे. दक्षिण भारतातल्या साठ्यांमध्ये हे नाणं भरपूर सापडलंय, म्हणून आपल्याकडे आधी हेच ओळखायला शिका. ‘कोन्सेक्रातिओ’ या लेखासोबत गरुड असेल तर मृत सम्राटाला देवत्व दिलेलं असतं, मोर असेल तर सम्राज्ञीला.