नवऱ्याकडे जर्मनीला जातेय. राहायला कोणतं शहर निवडावं आणि ते आधी बघावं कसं?

तुम्ही लिहिलंय की नवरा दोन वर्षांपासून स्टुटगार्टला आहे, तुम्ही आता स्पाउस व्हिसावर निघालात, त्याला आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जावं लागतं, आणि म्हणून म्युनिक, बर्लिन, लाइपझिग सगळीच शहरं डोक्यात घोळतायत. आमचंही थोड्याफार फरकाने हेच होतं. मी पुण्याहून आले, नवऱ्याचं ऑफिस स्टुटगार्टलाच, आणि आम्ही राहतो कार्ल्सरुहेला. तेव्हा उत्तर जरा आमच्या गावाकडे झुकणार, हे धरून चाला.

ज्याला नोकरी आहे त्याचं कुठेही निभतं. ऑफिस आहे, टीम आहे, शनिवारी क्रिकेट खेळायला चार पोरं आहेत. शहर बघायचं ते ज्याला अजून यातलं काहीच नाही त्याच्या सोयीने, म्हणजे तुमच्या. सोमवारी सकाळी नऊला नवरा कॉलवर बसला की तुम्ही घराबाहेर पडून कुठे जाणार, याचं उत्तर ज्या शहरात पटकन सापडेल ते तुमचं शहर. भाडं, हवा, बाग हे सगळं त्यानंतर.

त्यामुळे शहर बघायला जाल तेव्हा शनिवार-रविवारी दोघांनी मिळून जाऊ नका. तसं गेलं की सहल होते. तो तुम्हाला दाखवील ते त्याचं शहर असेल: त्याचं आवडतं कॅफे, मित्रांची घरं, नदीकाठ. मंगळवारी किंवा बुधवारी एकट्या जा. ज्या भागात घर परवडेल तिथे उतरा, मध्यवर्ती चौकात नको. सुपरमार्केट किती लांब, ट्राम दर किती मिनिटांनी, सरकारी अनुदानाच्या फोल्क्सहोखशूलंमध्ये, म्हणजे प्रौढ शिक्षण केंद्रात, जर्मनचे वर्ग कधी सुरू होतात, तिथे जाऊन विचारा. इथला इंटिग्रेशन कोर्स साधारण 600 तास भाषेचा आणि 100 तास देशाच्या ओळखीचा असतो; मोठ्या शहरांत वर्गात जागा मिळायला थांबावं लागू शकतं. नवऱ्याकडे ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना) असेल तर तुम्हाला व्हिसासाठी ए-वनची, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पायरीची, सक्ती नाही आणि आल्यापासून नोकरीही करता येते. पण परवानगी हातात असूनही बहुतेकींचं घोडं भाषेपाशीच अडतं. पुण्यात मॅक्सम्युलर भवनला जितकं जमेल तितकं करून या.

आता शहरं. बर्लिन आणि लाइपझिगहून स्टुटगार्टला रेल्वेने पाच तासांच्या आसपास लागतात. आठवड्यातून दोनदा हे करायचं म्हणजे तो तिकडे एक रात्र काढणार आणि तुम्ही इकडे एकट्या. दोन वर्षं लांब राहून पुन्हा तेच करायचं असेल तर प्रश्नच मिटला. तुमचं क्षेत्र असं असेल की इंग्रजीवर काम मिळतं, तर मात्र बर्लिनचा विचार करायला हरकत नाही. तिथे तशा नोकऱ्या इतरांपेक्षा जास्त आहेत. म्युनिकला आपली माणसं भरपूर, गणपती-दिवाळी जोरात होते, पण भाड्याच्या बाबतीत देशातलं सगळ्यात महागडं मोठं शहर तेच.

स्टुटगार्ट स्वतः वाईट नाही. 1968 पासून मुंबईचं भगिनी-शहर आहे, मर्सिडीज-बॉशमुळे पुण्याची निम्मी गल्ली तिथे भेटते. डोंगरांच्या वाटीत वसलंय, शहरातच द्राक्षाचे मळे, आणि टेकड्यांवर चढणाऱ्या दगडी पायऱ्या चारशेहून जास्त ठिकाणी. सामान घेऊन चढून बघा एकदा. त्या भागात अनेक इमारतींत जिना झाडायची पाळी असते, केरवोखं म्हणतात. तुमची पाळी आली की दारावर पाटी लटकते, आणि जिना स्वच्छ दिसत असला तरी झाडावाच लागतो; वरच्या मजल्यावरच्या आजी लक्ष ठेवून असतात. मला त्यातून शेजारीण मिळाली असती असं आमच्या तिथल्या मैत्रिणी म्हणतात. मी पाटी बघूनच घाबरले.

कार्ल्सरुहे आम्हाला जमलं ते ट्राममुळे. इथली ट्राम शहराच्या रस्त्यावरून निघते आणि तीच पुढे मोठ्या रेल्वेच्या रुळांवर चढून आसपासच्या गावांत जाते. 1992 पासून ही पद्धत आहे. त्यामुळे घर जरा बाहेर घेतलं तरी तुम्ही अडकून पडत नाही. मधोमध राजवाडा आणि त्यातून पंख्याच्या काड्यांसारखे निघालेले रस्ते, म्हणून पहिल्या आठवड्यातही वाट चुकत नाही. स्टुटगार्टला साध्या रेल्वेने तासाभरात पोहोचता येतं. हे महत्त्वाचं, कारण डॉइचलांड टिकीट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, आयसीई या जलद गाड्यांवर चालत नाही, फक्त स्थानिक गाड्यांवर. हे तिकीट 2023 मध्ये महिना 49 युरोला सुरू झालं, 2026 पासून 63 झालंय. तुम्ही एस्लिंगन, ट्युबिंगन, उल्मही याच हिशेबाने बघून या. अंतर नकाशावर मोजू नका, साध्या गाडीच्या वेळेत मोजा.

जमलं तर ही भटकंती नोव्हेंबर-डिसेंबरात करा. मे महिन्यात जर्मनीतलं कुठलंही गाव आवडतं. डिसेंबरात उत्तरेला हॅम्बुर्गमध्ये चारच्या सुमाराला सूर्य मावळतो. दक्षिणेकडे दिवस पाऊण तास तरी मोठा असतो, आणि घरात एकटं बसलेल्या माणसाला त्या पाऊण तासाची किंमत कळते. रविवारी दुकानं बंद असतात तेही एकदा अनुभवा.

घाई मात्र नको. सुरुवातीला त्याच्या आहे त्या घरात राहा. दोन वर्षांत त्याची भांडी ठेवायची, झोपायची, गप्प बसायचीही एक पद्धत पडलेली असते. ती आणि तुमची एका खोलीत बसायला वेळ लागतो. त्यात घरशोधणी आली की भांडण घराचं आहे की एकमेकांचं हेच कळत नाही. शिवाय पत्त्याची नोंदणी दोन आठवड्यांत करायची असते, त्याला घरमालकाचा फॉर्म लागतो, आणि रेसिडेन्स परमिट त्या त्या गावच्या ऑफिसातून मिळतं. अर्ज अर्धवट असताना गाव बदललं तर फाइल इकडून तिकडे जाते. कार्ड हातात आलं की मग हला.

घर बघताना डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत देता येतं. बरीच घरं ओटा, सिंक, शेगडी यांशिवाय रिकामी मिळतात, तो खर्च धरून ठेवा. आणि किचनला उघडणारी खिडकी आहे ना, हे नवऱ्याला नाही, तुम्ही स्वतः बघा. फोडणी देणारं माणूस कोण आहे यावर ते अवलंबून आहे म्हणा. आमच्याकडे तो देतो, तरी खिडकी मीच बघितली.