स्किझोफ्रेनिया असलेल्या पेशंटच्या भावंडांचा ताण मोजता येतो का? कुठली प्रश्नावली वापरतात?

येतो ना, पण आधी भावंडांना कुणी विचारलं तर. माझ्या दादाला बारावीनंतर हा आजार सुरू झाला, आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. इथल्याच एका ओपीडीत एक मुलगी फॉर्म भरून घेत होती, पेशंटला सांभाळतं कोण, तर आई पुढे झाली, विषय संपला. झोप लागते का विचारल्यावर आई म्हणाली, लागते की. लागणारच, कारण आदल्या रात्री दादाला इन्व्हर्टरमधून कुणीतरी शिव्या देतंय असं ऐकू येत होतं, तो स्क्रूड्रायव्हर घेऊन उघडायलाच बसला होता, आणि मी आईच्या खोलीचं दार ओढून घेऊन पहाटेपर्यंत त्याच्याशेजारी पॅसेजमध्ये बसून, मग तशीच सातपूरला ड्युटीवर. त्या फॉर्मवर माझं नावसुद्धा नाही.

सांभाळणाऱ्यावरचा भार मोजायला झरिटची प्रश्नावली बरेच जण वापरतात, २२ प्रश्न, ८८ पैकी स्कोअर, पण ती मुळात १९८० मध्ये डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या म्हाताऱ्या पेशंटना सांभाळणाऱ्यांसाठी बनली. त्यापेक्षा पै आणि कपूर यांची घरच्यांवरचा भार मोजणारी १९८१ची मुलाखत किंवा चेन्नईच्या स्कार्फ या स्किझोफ्रेनियावर काम करणाऱ्या संस्थेची ४० प्रश्नांची, १९९८ची, या आपल्याकडच्या घरांना धरून आहेत. पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केल, म्हणजे आपल्याला किती ताण जाणवतो ते विचारणारी, सोपी, १० प्रश्न, ४० पैकी स्कोअर, पण ती गेल्या महिन्याचं विचारते. बहिणीचं टेन्शन गेल्या महिन्याचं असतं का हो? आईबाबांनंतर दादाला कोण बघणार, स्थळ आलं की सांगायचं की लपवायचं, आणि मलाही होईल का. सख्ख्या भावंडांना धोका साधारण ९-१० टक्के, एरवी १ टक्क्याच्या आसपास, हे मी कॉलेजात असताना एकटीने वाचलं आणि घरात कुणापाशी बोलायची सोय नव्हती. लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोनही मोजतात, उठल्या उठल्या आणि मग ठराविक वेळांना, पण रात्र जागून काढलेल्या माणसाचे आकडे नीट येत नाहीत.

म्हणून भावंडाला आईसमोर बसवून विचारू नका, वेगळं बसवा, आणि सांभाळणारं कोण यासाठी एकच रकाना ठेवू नका. आमचे काका अजून म्हणतात, तुला कसलं टेन्शन, सगळं तर वहिनी करते, आणि वर लग्न ठरेपर्यंत दादाचं कुठे बोलू नकोस. मी मुलाकडच्यांना पहिल्या भेटीतच सांगितलं. एक स्थळ गेलं, दुसऱ्याने होकार दिला, आणि आज दादाच्या गोळ्या आणायला माझा नवराच जातो. लपवून काय मिळालं असतं, हे काकांनी मला एकदा समोर बसून सांगावं.

हां, स्कोअर जास्त आला म्हणजे लगेच डिप्रेशन असं नाही, ते डॉक्टरच ठरवणार. आणि ९-१० टक्के म्हणजे शंभरातल्या नव्वदेक जणांना होत नाही, हे मुलाखत घेताना भावंडाला आवर्जून सांगा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबरही देऊन ठेवा, तो घरच्यांसाठीही आहे.