लेकीच्या हातातलं पुस्तक काढून घेऊ का?

नाशिकच्या दादा, तुमचं पत्र वाचलं. बायकोला बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी टोकाला चढतो, कधी पार खाली जातो असा आजार, त्यावरची लिथियमची गोळी चालू आहे, मधे चांगलं चाललेलं आणि दिवाळीनंतर परत बिनसलं, अशात ११ वर्षांच्या लेकीने लायब्ररीतून जॅकलीन विल्सनचं 'द इलस्ट्रेटेड मम' आणलंय आणि संपलं की परत पहिल्या पानापासून वाचतेय. तुमच्या आई म्हणतात असलं वाचून पोरगी अजून खचेल, आजच परत करून ये.

नका करू परत. मुदत वाढवून घ्या, आणि आधी तुम्ही वाचा.

१९९९ चं पुस्तक आहे, पुढच्या वर्षी त्याला ब्रिटनच्या गार्डियन वर्तमानपत्राचा बालसाहित्याचा पुरस्कार मिळाला, म्हणजे आईंना वाटतंय तसं ते कुठलंतरी उथळ पुस्तक नाही. इंग्लंडमधल्या दोन बहिणी, स्टार आणि डॉल्फिन, आणि अंगभर टॅटू काढलेली त्यांची आई मॅरीगोल्ड, जी कधी नुसती धमाल करते आणि कधी तिच्याकडे बघून भीती वाटते. बाहेर कळलं तर आपल्याला उचलून नेतील म्हणून पोरी तोंड उघडत नाहीत. मोठी तिच्या बाबाकडे निघून जाते, धाकटी एकटी पडते, मग एक दिवस आई टॅटू झाकायला सगळ्या अंगाला पांढरा रंग फासून उभी असते आणि अँब्युलन्सला फोन धाकटीलाच करावा लागतो. जड आहे, मान्य. पण दादा, तुम्हीच लिहिलंय की लेक रोज गुपचूप आईची गोळ्यांची स्ट्रिप मोजते. ती भीती काय पुस्तकाने आणली? ती घरातच होती, पुस्तकात तिला फक्त आपल्यासारखी एक मुलगी सापडली इतकंच.

मला काळजी वेगळीच वाटते, ती म्हणजे तुमच्या घरात आजाराचं नावच कोणी घेत नाही, 'मम्मीला बरं नाही' यापुढे गाडी जातच नाही. ११ वर्षांची पोर मग स्वतःच हिशोब लावते, मी मार्क कमी आणले म्हणून, मी उलटून बोलले म्हणून. तिला नाव सांगा. हा आजार तुझ्यामुळे झाला नाही हे सांगा, एकदा सांगून भागत नाही, परत परत सांगा. आणि डॉल्फिनच्या घरी तेव्हा मोठं माणूस कोणीच नव्हतं, आपल्याकडे बाबा आहे, आजी आहे, डॉक्टर आहेत, हा फरकही तुम्हीच दाखवून द्या. शेवटी मॅरीगोल्ड हॉस्पिटलमध्ये असते, पोरी तिला भेटायला जातात, जादूने कोणी बरं होत नाही. मला तो शेवट म्हणूनच पटतो. तुम्हीही 'मम्मी पुढच्या महिन्यात एकदम ठीक होईल' असलं काही कबूल करू नका.

वहिनींना न विचारता मात्र हे बोलू नका, आजार त्यांचा आहे. जमलं तर त्यांनीच सांगावं, बऱ्या दिवशी. कसं बोलायचं सुचत नसेल तर टेली मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ लावा, फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलतात.

आणि गोळ्यांचं आजपासून तुमच्याकडे घ्या. डबा तुम्ही भरायचा, लिथियमसाठी करावी लागते त्या रक्ततपासणीची तारीख तुम्ही लक्षात ठेवायची, आणि हे लेकीला स्पष्ट सांगायचं, म्हणजे तिचं मोजणं थांबेल. लगेच नाही थांबणार, ओरडू नका. आईंना म्हणावं पुस्तकाचं आम्ही बघतो, तुम्ही नातीला घेऊन संध्याकाळी जरा बाहेर पडत जा.