चौथे पुष्प कोणी गाळले?

आपण विचारले आहे की, विद्यापीठाच्या अनुदानातून आपल्या महाविद्यालयात लिंगभाव, लैंगिकता आणि सामाजिक न्याय या विषयावर पाच दिवसांची व्याख्यानमाला घ्यायची आहे, तर विषयांचा क्रम कसा लावावा, वक्ते कसे निवडावेत आणि विरोध झालाच तर तो कोणाकडून होईल. शेवटच्या प्रश्नापासून आरंभ करते, कारण त्याचा चटका मला स्वतःला बसलेला आहे. संस्थाचालकांची धास्ती बाळगू नका. त्यांना कार्यक्रमपत्रिकेवर स्वतःचे नाव योग्य जागी छापलेले दिसले की पुढचे ते फारसे वाचत नाहीत. विरोध होईल तो स्टाफरूममध्ये आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या, पुरोगामी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सहकाऱ्याकडून.

तालुक्याच्या गावातील एका अनुदानित महाविद्यालयात मी 27 वर्षे समाजशास्त्र शिकवले. 6 ते 10 जानेवारी 2014 या आठवड्यात, म्हणजे सावित्रीबाई आणि जिजाऊ यांच्या जयंत्यांच्या मधल्या दिवसांत, आम्ही अशीच व्याख्यानमाला आखली होती. पहिले पुष्प सावित्रीबाई फुले आणि ताराबाई शिंदे यांच्यावर, दुसरे मथुरा प्रकरणावर, तिसरे जात आणि लिंगभाव यांच्या नात्यावर, चौथे समलिंगी आकर्षण आणि कायदा या विषयावर आणि पाचवे मुलग्यांना पुरुष म्हणून कसे घडवले जाते यावर. चौथ्या पुष्पासाठी पुण्यात या क्षेत्रात काम करणारे एक कार्यकर्ते येणार होते. पत्रिका छापायला गेली आणि त्याच आठवड्यात, 11 डिसेंबर 2013 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाचा 2009 चा निर्णय फिरवून समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम 377 पूर्ववत केले.

प्राचार्यांनी मला बोलावून सांगितले की, आता हा गुन्हा झाला आहे. कलम कृत्याला लागू होते, त्याविषयी बोलण्याला लागू होत नाही, हे मी समजावल्यावर त्यांनी मान डोलावली आणि निर्णय आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांवर सोपवला. या सरांविषयी माझ्या मनात तेव्हाही आदर होता आणि आजही आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यात ते विद्यार्थी असताना तुरुंगात जाऊन आले होते आणि आमच्याकडे शिष्यवृत्तीचे अर्ज अडले की मुले आधी त्यांच्याकडेच धाव घेत. मला वाटले, आता प्रश्न मिटला. सर म्हणाले, "मॅडम, ज्या मुलाच्या बापाचे शेत गहाण पडले आहे, त्याला तुम्ही हे काय सांगणार? आधी पोटाचे प्रश्न. हे विषय पोट भरलेल्यांचे आहेत." चौथे पुष्प गळाले आणि त्या जागी मुलींचा आहार आणि हिमोग्लोबिन असा विषय आला. (हिमोग्लोबिनवर व्याख्यान व्हावे, जरूर व्हावे, ते कोणाला तरी उठवून त्याच्या जागी बसवू नये, इतकेच माझे म्हणणे होते.)

त्या दिवशी मी सरांशी जे भांडले, ते अर्धे मनातल्या मनात भांडले. म्हणून उरलेले येथे लिहिते. सामाजिक न्याय आधी आणि लैंगिकता नंतर असा क्रम मुळात लावताच येत नाही. मथुरा प्रकरण काय होते? 1972 साली आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर झालेला बलात्कार. नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलेल्या पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिले, कारण मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या. तिचे आदिवासी असणे, गरीब असणे आणि स्त्री असणे यांपैकी कोणता प्रश्न आधी घ्यायचा होता? 1979 साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, त्यातून देशभर चळवळ उभी राहिली आणि 1983 साली बलात्काराचा कायदा बदलला. हे काम विद्यापीठांत शिकवणाऱ्या माणसांनी केले होते, ही गोष्ट व्याख्यानमालेला केवळ शोभेचा कार्यक्रम समजणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. दलित स्त्रीच्या जागेवरून पाहिल्याशिवाय स्त्रीप्रश्न नीट दिसत नाही, हे पुणे विद्यापीठातील शर्मिला रेगे आयुष्यभर मांडत राहिल्या. त्या जाऊन तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते आणि आमचे तिसरे पुष्प त्यांच्या स्मृतीस वाहिलेले होते. सर त्या व्याख्यानाचे अध्यक्ष होते आणि फार सुंदर बोलले. दुसऱ्याच दिवशीचा विषय मात्र त्यांना पोट भरलेल्यांचा वाटला होता.

मी त्यांना र. धों. कर्व्यांचीही आठवण करून दिली होती. ‘समाजस्वास्थ्य’ या त्यांच्या मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून 1934 साली कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा न्यायालयात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते डॉ. आंबेडकर. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, पुणे करार हे सगळे मागे आणि पुढे डोंगराएवढे काम असताना त्या माणसाला हा विषय पोट भरलेल्यांचा वाटला नाही. खटला ते हरले आणि कर्व्यांना दंड झाला, तो भाग वेगळा. सरांचे उत्तर होते, "ते वेगळे."

पुण्याच्या वक्त्यांना मी नको म्हणून कळवले नाही. एस.टी.चे आरक्षण झालेले होते. गुरुवारी, 9 तारखेला, सभागृहात हिमोग्लोबिन सुरू असताना मी माझ्या द्वितीय वर्षाच्या वर्गाचा बारा ते एकचा नेहमीचा तास घेतला आणि त्या तासाला त्यांना बोलावले. वर्गात 23 मुले-मुली होती. ग्रंथालयात महिनाभर आधीपासून एक पेटी ठेवलेली होती, तिच्यात बिननावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या होत्या. एकूण 61 चिठ्ठ्या आल्या आणि त्यांपैकी या विषयावरच्या नऊ मी बाजूला काढल्या होत्या. पहिल्या दोन-तीन वाचल्या तेव्हा मुले हसली, ते अपेक्षितच होते. मग एक चिठ्ठी निघाली, तिचा आशय असा: घरी कळले तर शिक्षण बंद करून लग्न लावून देतील, तर आधी नोकरी मिळवावी की आधी सांगावे, आणि सांगण्यासाठी किती पगाराची नोकरी असावी?

वर्गात कोणी हसले नाही. वक्त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर हिशेब मांडला: पुण्यात कॉट बेसिसवर जागा, दोन वेळची मेस, बसचा पास, मोबाईल, आणि घरी दरमहा पाठवावे लागतील ते पैसे, कारण पैसे येत राहिले तर आई निदान फोन उचलते, असे ते म्हणाले. बेरीज साडेसहा हजारांच्या आसपास आली. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, मेस एवढ्यात होत नाही आता," आणि त्यावर दहा मिनिटे चर्चा झाली. लैंगिकतेवरच्या माझ्या एकुलत्या एक व्याख्यानात कलमांपेक्षा मेसच्या दरांवर अधिक वेळ गेला. पोटाचा प्रश्न तो हाच होता, आणि तो ज्या वर्गात विचारला गेला तेथे सर नव्हते.

2018 च्या सप्टेंबरात कलम 377 संबंधीचा निर्णय पुन्हा फिरला आणि प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्यातून बाहेर आले. पुढच्याच वर्षी शेजारच्या तालुक्यात याच विषयावर व्याख्यान झाले, अध्यक्षस्थानी निवृत्त झालेले आमचे सर होते आणि आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू मांडल्याचा प्रसंग त्यांनी अत्यंत प्रभावीपणे सांगितला. मी दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. त्या वेळी तोंडून काही निघाले नाही, ते आता निघत आहे, याबद्दल आपण मला क्षमा करावी.

आता आपले उरलेले प्रश्न. फ्लेक्सवर ‘लैंगिकता’ हा शब्द ठेवा; ‘महिला सक्षमीकरण’ लिहून आत वेगळे बोलण्याची चलाखी करू नका, कारण मग दर वर्षी तेच करावे लागते. हजेरीची सक्ती करू नका. मुलामुलींना वेगळे बसवू नका. प्रश्नांची पेटी ठेवाच. वक्ता कायद्याविषयी बोलणार असेल तर त्याला 2014 चा तृतीयपंथी ओळखीचा निकाल, 2019 चा तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांविषयीचा कायदा आणि ऑक्टोबर 2023 मध्ये समलिंगी विवाहास मान्यता नाकारली गेली तो निकाल, हे तिन्ही नेमके सांगता आले पाहिजेत. अर्धवट आनंदाची बातमी घेऊन मुले घरी गेली तर ती तोंडावर पडतात. विषयांच्या क्रमाला मी फार महत्त्व देत नाही.

एक गोष्ट मात्र सरांच्या बाजूने नोंदवायला हवी. आमचे पाचही वक्ते पुण्याचे होते आणि आडनावांवरून पाहिले तर तिसऱ्या दिवसाचा अपवाद वगळता एकाच थरातील होते. सरांनी हे बोट दाखवून सांगितले होते आणि मी ते रागाच्या भरात ऐकले नाही. आपण वक्ते निवडताना ऐका. आणि चिठ्ठ्या वाचल्यावर एखादे मूल तासानंतर एकटे भेटायला आले, तर त्याला पाठवता येईल असा समुपदेशक आधीच शोधून ठेवा. माझ्याकडे तेव्हा तो नव्हता आणि दोन मुले आली होती.

छायाचित्रे काढू देऊ नका, निदान प्रश्नोत्तरांची तरी नको, आणि चिठ्ठ्या त्याच दिवशी नष्ट करा, कारण लहान महाविद्यालयात अक्षर ओळखू येते. मी माझ्या चिठ्ठ्या त्याच संध्याकाळी बंबात घातल्या. काही वर्षांनी महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषासाठी लिंगसमभावाच्या उपक्रमांचे पुरावे गोळा करताना समन्वयकांनी त्या व्याख्यानमालेची कागदपत्रे मागितली, आणि मूळ चिठ्ठ्या असल्यास त्याही जोडाव्यात असे लिहून पाठवले. मी त्याच कागदाच्या मागे ‘एकसष्ट’ एवढेच लिहून, सही करून, तो परत केला.