नगरपरिषदेच्या कामकाजातील उत्सर्जन : आराखडा वीजबिलांपासून सुरू करा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : सुमारे दीड लाख लोकसंख्येची अ वर्ग नगरपरिषद, स्वतःच्या कामकाजातील हरितगृह वायूंचे उत्सर्जन 2030 पर्यंत 30 टक्क्यांनी कमी करण्याचा सर्वसाधारण सभेचा ठराव, आणि सल्लागाराच्या मसुद्यात वृक्षलागवड, मुख्य इमारतीच्या छतावर सौर पॅनेल व अधिकाऱ्यांसाठी विजेवर चालणाऱ्या गाड्या एवढेच. कचरा वाहतुकीच्या ठेकेदाराच्या गाड्या हिशेबात धराव्यात का, हेही आपण विचारले आहे. माझे मत असे की मसुदा तूर्त बाजूला ठेवावा आणि पाणीपुरवठा योजनेची मागील बारा महिन्यांची वीजबिले मागवावीत.

त्याआधी हद्द ठरवणे आवश्यक आहे. मुंबईचा वातावरण कृती आराखडा मार्च 2022 मध्ये जाहीर झाला. त्यातील उत्सर्जनाचा सुमारे 2.34 कोटी टनांचा आकडा 2019 सालच्या संपूर्ण शहराचा आहे, म्हणजे त्यात घरे, दुकाने, कारखाने आणि खासगी वाहनेही येतात. आपला ठराव केवळ नगरपरिषदेच्या कामकाजाचा आहे. म्हणून ज्याचे बिल नगरपरिषद भरते किंवा जे काम ती ठेक्याने करून घेते, तेच या हिशेबात यावे. ठेकेदाराच्या घंटागाड्या, डंपर आणि जेसीबी यांचे डिझेल मात्र धरलेच पाहिजे, कारण ते वगळले तर उद्या एखादे काम ठेक्यावर दिल्याबरोबर कागदावरचे उत्सर्जन कमी झालेले दिसेल आणि धूर मात्र तेवढाच राहील. एक लिटर डिझेलमागे सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. दरमहा इंधनाचा तपशील दिल्याखेरीज देयक मंजूर होणार नाही, अशी अट पुढच्या निविदेत घालावी. चालू ठेक्यात लॉगबुकांवरून अंदाज बांधावा लागेल.

वीजबिले गोळा करणे वाटते तितके सोपे नसते. देयके लेखा विभागाकडे असतात, जोडण्यांची माहिती विद्युत विभागाकडे आणि कोणता पंप कोणत्या मीटरवर चालतो हे पाणीपुरवठा विभागातल्या जुन्या ऑपरेटरलाच ठाऊक असते. ग्राहक क्रमांक, ठिकाण, मंजूर भार आणि महिनावार युनिट असा एकच तक्ता तयार करावा आणि प्रत्येक जोडणीच्या ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन यावे. एका नगरपरिषदेत असा तक्ता करताना मला वापरात नसलेल्या कूपनलिकांची बिले वर्षानुवर्षे भरली जात असल्याचे दिसले होते. मीटर बंद असल्यामुळे सरासरीने आलेली बिले वेगळ्या रंगात दाखवावीत. ती पायाभूत वर्षात, म्हणजे ज्या वर्षाशी पुढची तुलना करायची त्या वर्षात, मिसळली तर पुढची सगळी तुलना निरुपयोगी ठरते. त्याच कारणाने टाळेबंदीचे 2020-21 हे वर्ष पायाभूत म्हणून घेऊ नये.

आता पंपांकडे येतो, कारण बहुतेक नगरपरिषदांत विजेचा सर्वांत मोठा वाटा तिथेच जातो. दहा लाख लिटर पाणी 100 मीटर उंच चढवण्यासाठी सिद्धान्ततः सुमारे 272 युनिट पुरतात. पंप आणि मोटर यांची एकत्रित कार्यक्षमता 60 टक्के असेल तर तेवढ्याच कामाला 454 युनिट लागतात, आणि ती 75 टक्क्यांवर नेली तर 363. आपल्या आकाराच्या शहराला रोज 2 कोटी लिटर पाणी लागते असे धरले आणि एकूण चढ तेवढाच असला, तर वर्षाला 6.6 लाख युनिट वाचतात. देशाच्या ग्रिडमधील एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर ही बचत 460 टनांच्या आसपास जाते. अधिकाऱ्यांच्या सगळ्या गाड्या विजेवर नेल्या तरी हा आकडा गाठता येणार नाही.

ही कार्यक्षमता नेमकी कुठे हरवते, ते पंपगृहात अर्धा तास उभे राहिले की समजते. पुष्कळ ठिकाणी डिलिव्हरी व्हॉल्व्ह (पंपातून पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपवरची झडप) अर्धवट बंद ठेवून पंप चालवलेला आढळतो. ऑपरेटरला विचारले तर तो सांगतो की व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की मोटर ट्रिप होते, आणि त्याचे म्हणणे खरे असते, कारण पंप गरजेपेक्षा फार जास्त हेडचा, म्हणजे फार जास्त उंचीवर पाणी चढवू शकणारा, निवडलेला असतो. मोटरने दिलेली ऊर्जा मग त्या व्हॉल्व्हवरच खर्ची पडते. यावर उपाय म्हणजे इम्पेलर (पंपातले पाणी ढकलणारे चाक) कापून लहान करून घेणे किंवा योग्य हेडचा पंप बसवणे. वेग बदलणारी ड्राइव्ह सगळीकडे बसवण्याचा आग्रह विक्रेते धरतात, पण जिथे बहुतांश काम सरळ उंची चढवण्याचे आहे तिथे तिचा फायदा बेताचाच असतो. जी मोटर अनेक वेळा रिवाइंड झाली आहे (तिची तारांची वेटोळी नव्याने भरली आहेत), तिचीही तपासणी करून घ्यावी.

त्याचबरोबर गळती. केंद्र सरकारच्या सेवा मानकांनुसार महसूल न देणारे पाणी, म्हणजे पुरवठ्यात सोडलेले पण ज्याचे पैसे मिळत नाहीत असे पाणी, 20 टक्क्यांपर्यंत असावे. त्यातले जे पाणी जमिनीत मुरते, तेही वीज खर्चून वर चढवलेले असते. वीजबिल आणि गळती या दोन वेगळ्या विभागांच्या तक्रारी मानल्या जातात, हे मला फार खटकते.

सौर ऊर्जेचा विचार यानंतर करावा. आधी केला तर गरजेपेक्षा मोठा प्रकल्प उभा राहतो. इंदूरचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. तिथे नर्मदेचे पाणी जलूदहून पंपाने चढवून आणावे लागते, आणि त्या पंपांच्या विजेसाठी महापालिकेने 2023 मध्ये हरित रोख्यांतून (पर्यावरणपूरक कामांसाठीच्या कर्जरोख्यांतून) 244 कोटी रुपये उभारून 60 मेगावॅटचा सौर प्रकल्प हाती घेतला. आपल्याला एवढे मोठे काम करायचे नाही, परंतु 2022 च्या हरित ऊर्जा खुल्या प्रवेशाच्या (वितरण कंपनीऐवजी दुसऱ्या उत्पादकाकडून हरित वीज घेण्याच्या) नियमांनी किमान भाराची मर्यादा 1 मेगावॅटवरून 100 किलोवॅटवर आणली असल्यामुळे मोठ्या पंपगृहाच्या जोडणीलाही बाहेरून सौर वीज घेण्याचा मार्ग तपासता येतो.

कचरा डेपोबद्दल एक गोष्ट सभागृहाला आधीच सांगून ठेवावी. ओल्या कचऱ्यातून निघणारा मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवणारा आहे, आणि आज टाकलेला कचरा पुढे कित्येक वर्षे तो सोडत राहतो. त्यामुळे ओला कचरा डेपोवर जाणे आज पूर्ण थांबले तरी पुढच्या वर्षी उत्सर्जन शून्यावर येणार नाही. हे आधी सांगितले नाही तर चांगले काम अपयशी ठरवले जाते. वजनकाट्याच्या नोंदी मात्र आजपासूनच नीट ठेवाव्यात. पथदिवे बहुधा एलईडी झालेच असतील. ते बदल पायाभूत वर्षापूर्वीचे असतील तर त्यांची बचत पुन्हा मोजू नये. झाडे सावलीसाठी अवश्य लावावीत, पण या हिशेबातून ती वजा करू नयेत.

शेवटचा अडसर पैशांचा आहे. पंप बदलण्याचा खर्च भांडवली लेखाशीर्षातून होतो आणि बचत महसुली वीजबिलात दिसते, त्यामुळे ज्या अभियंत्याने काम केले त्याच्या विभागाच्या हाती काहीच येत नाही. वाचलेल्या रकमेचा ठरावीक हिस्सा दरवर्षी पुढच्या ऊर्जा बचतीच्या कामांसाठीच राखून ठेवण्याचा वेगळा ठराव मुख्याधिकाऱ्यांमार्फत सभेपुढे आणावा. पंपांची तपासणी डिसेंबरपूर्वी उरकली तर पुढच्या अंदाजपत्रकात तरतूद धरता येईल. बिलांचा तक्ता आणि पंपांच्या नेमप्लेटवरील आकडे आपण इथे दिलेत, तर कोणता पंप आधी बदलावा याचा हिशेब मी करून देईन.