जुन्या फियाटच्या क्रोम बंपरला भोक न पाडता पुढची नंबरप्लेट कशी बसवावी?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: तुम्ही निपाणीचे, मामांकडून १९६९ ची फियाट डिलाइट तुमच्याकडे आलीय. पुढची पाटी जाळीला तारेनं बांधलेली आहे. आता एचएसआरपी, म्हणजे सरकारी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, लावायची आहे, पण बंपरला भोक पाडायला मन होत नाही. आणि पुढची पाटी नाहीच लावली तर चालेल का, हेही विचारलंय.

शेवटचं आधी सांगतो. चालत नाही. चारचाकीला पुढे आणि मागे दोन्हीकडे पाटी लागते, गाडी कितीही जुनी असो. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना एचएसआरपी कंपनीकडूनच येते. त्याआधीच्या गाड्यांसाठी कर्नाटकानं २०२३ च्या ऑगस्टमध्ये आदेश काढला. त्यामुळे लावायची की नाही हा प्रश्न राहिलेलाच नाही, कशी लावायची एवढाच आहे. आणि भोक पाडायला तुमचं मन होत नाही, ते अगदी बरोबर आहे. ते पाडू नका. कुणी कितीही घाई केली तरी पाडू देऊ नका.

आमच्या घरी वडिलांची १९६६ ची डिलाइट आहे. बरीच वर्षं झाली, पासिंगची तारीख जवळ आली होती आणि पुढची पाटी तुटली होती. वडील गाडी एका गॅरेजात ठेवून कामाला गेले. संध्याकाळी येऊन बघतात तर बंपरच्या मधोमध दोन भोकं पाडून पाटी ठोकून दिलेली. वडील काही बोलले नाहीत, नुसते भोकांवरून बोट फिरवत उभे राहिले. दोन पावसाळ्यांत त्या भोकांपासून तांबूस ओघळ खाली आले. तिसऱ्या वर्षी भोवतालचं प्लेटिंग पापुद्र्यासारखं उचललं गेलं.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी मेकॅनिकला ठामपणे नको म्हणता येईल. आपण ज्याला क्रोम म्हणतो तो थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असतो. तो फक्त चमक देतो आणि ओरखड्यापासून वाचवतो. गंजापासून लोखंडाला खरं राखतं ते खालचं निकेल, आणि ते क्रोमच्या कितीतरी पट जाड असतं. ड्रिल हे दोन्ही थर फाडून थेट लोखंडापर्यंत जातं. भोकाच्या कडेला उघडं पडलेलं लोखंड पाणी पितं आणि गंज प्लेटिंगच्या खालून सरकत जातो. वरून गाडी चकचकीत दिसत असते, आतून बंपर सोलत असतो. मग दुरुस्ती म्हणजे सगळं प्लेटिंग उतरवायचं, भोकं वेल्डिंगनं भरायची, घासून सपाट करायची, बफिंग करायचं आणि पुन्हा निकेल-क्रोम. मी ते करून घेतलं. चमक आली, पण मूळ बंपरची धार बफिंगमध्ये थोडी गेलीच, ती परत येत नाही.

आता जाळीबद्दल. तुमची पाटी सध्या जाळीला बांधलेली आहे म्हणता. ती आजच काढा. नवी पाटी ५०० बाय १२० मिलिमीटरची असते, म्हणजे ६०० चौरस सेंटिमीटर. एवढी वाट रेडिएटरसमोरून अडवली की काय होतं ते उसाच्या हंगामात तवंदी घाटात कळतं. पुढे दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, आपण पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये त्याच्या मागे. या गाडीचा पंखा इंजिनवर पट्ट्यानं फिरतो, इंजिन हळू तर पंखाही हळू. वेग नाही म्हणून समोरून वाराही नाही. त्यात जाळीवर पाटी. शिवाय जाळीच्या पट्ट्या पातळ असतात, तारेनं बांधलेली पाटी हलून हलून त्यांना खरवडते, कधी तडाही जातो. अशी जुनी जाळी पुन्हा मिळवायला किती हिंडावं लागतं, ते मामांना विचारा.

मग पाटी लावायची कुठे? जी भोकं गाडीला कारखान्यातूनच आहेत, त्यांनाच. गाडीखाली वाकून बघा. बंपर मागच्या बाजूनं लोखंडी ब्रॅकेटवर बोल्टांनी धरलेला असतो. त्या बोल्टांना रात्री केरोसीन आणि थोडं ऑइल सोडून ठेवा. सकाळी बरोबर मापाचा पाना घेऊन सावकाश सैल करा, झटका देऊ नका, नाहीतर डोकं तुटेल. दोन बोल्ट काढून दुकानात घेऊन जा आणि त्याच आट्यांचे, दहा-बारा मिलिमीटर जास्त लांबीचे आणा. फियाटला मिलिमीटरचे आटे असतात. अँबॅसिडरवाल्यांनी वाचत असाल तर लक्षात ठेवा, तुमच्याकडे इंची आटे, जबरदस्तीनं दुसरा नट चढवलात तर आटे मारले गेलेच.

या लांब बोल्टांच्या जास्तीच्या आट्यांवर तुमचं ब्रॅकेट बसणार. मी बेळगावला उद्यमबागेत एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो होतो. त्यानं गाडीखाली एकदा नजर टाकली आणि म्हणाला, "बसतंय की मामा, भोक कशाला पाडूलालास?" अर्ध्या तासात झालं. पण त्याच्याकडे जायच्या आधी मी घरी पुठ्ठ्याचा साचा केला होता, तोच खरा उपयोगी पडला. तुम्हीही तेच करा. ५०० बाय १२० चा पुठ्ठा कापा, बंपरसमोर धरा आणि दहा पावलं मागे जाऊन बघा. हेडलाइटच्या मधोमध आलाय का, बंपरवरच्या उभ्या खांबांमागे कडा लपते का, समोरून आणि तिरकं उभं राहूनही सगळे आकडे वाचता येतात का. खाली किती लोंबतोय तेही मोजा. आपल्याकडच्या गल्लीतले गतिरोधक आणि शेताकडच्या चाकोऱ्या खाली आलेल्या पाटीला सोडत नाहीत. मी पाटीचा वरचा काठ बंपरच्या खालच्या काठाला मिळता ठेवला आणि ती सरळ उभी ठेवली, मागे कललेली नाही.

ब्रॅकेटसाठी २५ बाय ३ मिलिमीटरची फ्लॅट पट्टी पुरते. दोन पट्ट्या शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून वाकवायच्या, म्हणजे त्या बोल्टापासून बंपरखालून वळसा घेऊन पुढे येतात. त्यांच्यावर दोन मिलिमीटर पत्र्याची आडवी पाठ, पाटीपेक्षा सगळीकडून पाच मिलिमीटर लहान, म्हणजे समोरून दिसत नाही. ही पाठ वगळू नका. पाटीचं ॲल्युमिनियम जेमतेम एक मिलिमीटरचं असतं, नुसती दोन टोकांना धरली तर ती वेगात फडफडते आणि भोकापाशी चिरते. सगळ्या कडा कानशीनं मोडा, रेड ऑक्साइडचे दोन हात द्या आणि वर काळा रंग. स्टेनलेस परवडत असेल तर उत्तमच.

जिथे ब्रॅकेट बंपरला टेकण्याची शक्यता आहे, तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. पाटी आणि लोखंडी पाठ यांच्यामध्येही रबर किंवा नायलॉनचे वायसर हवेतच. ॲल्युमिनियम आणि लोखंड ओले राहून एकमेकांना चिकटले की ॲल्युमिनियम पांढरं पडून झिजू लागतं, आणि आपल्याकडे जूनपासून चार महिने ओल काही हटत नाही. खानापूरकडे जाणं-येणं असेल तर लाल चिखल ब्रॅकेटच्या वळणात साठतो, पाणी मारताना तिथेही मारा.

ज्या गाड्यांना पुढून हँडल मारायची सोय आहे, त्यांनी पाटी त्या भोकासमोर आणू नये. बॅटरी बसली की हँडलच कामाला येतं.

फिटिंगच्या दिवशीची गोष्ट महत्त्वाची. एचएसआरपी स्नॅप लॉकनं बसते, ते एकदा आत गेलं की मोडल्याशिवाय निघत नाही. बसवणाऱ्या पोराकडे दिवसभराच्या गाड्यांची रांग असते आणि हातात ड्रिल असतं. त्याला जागा दिसली नाही तर तो बंपरच बघेल. म्हणून ब्रॅकेट आधीच गाडीला लावून न्या, पाठीला भोक पाडायचं ते पाटी समोर ठेवून तिथेच पाडू द्या, आणि तो काम करत असेपर्यंत गाडीजवळून हलू नका. पाटी वाकवू किंवा कापू देऊ नका. लॉक पाठीत बसतं आणि पाठ मागून नटांनी निघते, त्यामुळे पुढे कधी बंपर पॉलिशला काढायचा झाला तरी लॉक तोडावं लागत नाही. काचेचा स्टिकरही त्याच वेळी घ्या. पेट्रोल गाडीला तो फिक्या निळ्या रंगाचा असतो आणि पुढच्या काचेच्या आतून, वर डाव्या कोपऱ्यात लागतो.

कुणी सुचवेल की बंपरच्या पुढे पाइपचा गार्ड लावून त्यावर पाटी ठोका. ते करू नका. असे क्रॅश गार्ड बेकायदा आहेत असं केंद्रीय रस्ते मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय, आणि या गाडीचं तोंड त्यानं झाकलं जातं ते वेगळंच.

तुमच्या गाडीला ५० वर्षं उलटून गेलीत, म्हणून कुणी विंटेज नोंदणीचंही सांगेल. जुलै २०२१ च्या नियमांनुसार ती होते, फी २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. व्हीए ही अक्षरं फक्त नव्यानं नोंदल्या जाणाऱ्या गाडीच्या नंबरात येतात, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण मग गाडी रोज चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. तुम्ही लिहिलंय की संकेश्वरला बहिणीकडे याच गाडीनं जाता. तर आहे तीच नोंदणी वेळच्या वेळी वाढवत राहा.

एक मनातलं सांगतो. वडिलांनी पेंटरकडून काळ्या पाटीवर पांढऱ्या देवनागरी आकड्यांत नंबर रंगवून घेतला होता. नियमानं पाटीवर इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजीच आकडे लागतात, तिथे ना मराठी चालत ना कन्नड, आणि एचएसआरपीवर तर हातानं काही रंगवायचा प्रश्नच येत नाही. ती जुनी पाटी मी फेकली नाही, पुसून गॅरेजच्या भिंतीला लावलीय, गाडी आत घेताना समोर दिसते. तुमच्याकडे मामांची पाटी आहे तर तार सोडवताना जपून सोडवा, रंग उडेल.

नट नायलॉकचेच, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, घ्या, साधे हादऱ्यानं सुटतात. ब्रॅकेट लावल्यावर निपाणी-कोल्हापूर एक फेरी मारा, आणि परत आल्यावर बंपरचे ते दोन्ही बोल्ट पुन्हा एकदा आवळा. रबर दबल्यामुळे ते थोडे सैल झालेले असतात.